सक्तीची सुई आणि गरजेची सुई

बीड जिल्ह्यातला प्रवास म्हटला की ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर डोळ्यांसमोर येतात. पण याच जिल्ह्यातून साठी-सत्तरी ओलांडलेली माणसेही वर्षभर कुठे ना कुठे निघालेली असतात. आषाढात नारायणगडाची दिंडी पंढरपूरची वाट धरते, मुक्ताबाईंची पालखी बीडमार्गे पुढे सरकते. बीड, माजलगाव, परळी, अंबाजोगाईतून हजला जाणाऱ्यांत उतारवयातली माणसे बरीच असतात. पैसा आणि जबाबदाऱ्यांतून मोकळीक या दोन्ही गोष्टी जुळून येईपर्यंत वय झालेलेच असते. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजनेत तर पात्रतेची अटच साठ वर्षांची आहे. आणि पुण्यामार्गे अमेरिकेत पोचलेल्या मुलामुलींच्या घरी, सुनेच्या किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी, सहा-सहा महिने जाऊन राहणारे आईवडील आता तालुक्याच्या गावातही सापडतात. या सगळ्यांच्या घरी निघण्याआधी एक प्रश्न विचारला जातो: लस कोणती सक्तीची आहे? उत्तर टूरवाला देतो, व्हिसाचा फॉर्म देतो किंवा आधी जाऊन आलेला शेजारी देतो. ते बहुधा बरोबरही असते, आणि गोची तिथेच होते. सक्ती कोणत्या लशीची हे समोरच्या देशाला कशाची भीती वाटते त्यावरून ठरते. गरज कोणत्या लशीची हे जाणाऱ्याचे वय, त्याचे आजार आणि त्याचा मुक्काम यांवरून ठरते. तरुण प्रवाशाच्या बाबतीत या दोन याद्यांत तफावत राहिली तरी सहसा निभावते. ज्येष्ठांच्या बाबतीत मात्र पहिल्या यादीवर विसंबून दुसरी न पाहणे हीच सर्वांत मोठी चूक ठरते.

सक्तीच्या लशीचा इतिहास यात्रेकरूंच्याच वाटेने आला आहे. १८६५ साली हजच्या काळात मक्केत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ उसळली, हजारो माणसे गेली आणि परतणाऱ्या जहाजांबरोबर रोग युरोपपर्यंत पोचला. पुढच्याच वर्षी कॉन्स्टँटिनोपलला देशोदेशींची आरोग्य परिषद भरली आणि यात्रेकरूंना बंदरावर अडवून ठेवण्याचे नियम कडक झाले. आपल्याकडे पंढरपूरची यात्रा आणि पटकी हे समीकरण इंग्रज अंमलदारांच्या डोक्यात पक्के होते. पुढे यात्रेकरूंना कॉलऱ्याची टोचणी करूनच सोडण्याची पद्धत आली. त्या टोचणीचा हेतू वारकऱ्याला दीर्घायुष्य मिळावे हा नव्हता, साथ गावोगाव जाऊ नये हा होता. गंमत अशी की त्या काळची लस प्रसार रोखण्यात फारशी उपयोगी नाही असे पुढे दिसून आले आणि १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेने कॉलऱ्याच्या दाखल्याची आंतरराष्ट्रीय अटच काढून टाकली. देवीचा दाखलाही तसाच गेला, कारण १९८० मध्ये देवी हा रोगच संपल्याचे जाहीर झाले. म्हणजे सक्तीची यादी ही सरकारांनी आपापसांत ठरवलेली आणि वेळोवेळी बदलणारी गोष्ट आहे. माजलगावच्या सत्तर वर्षांच्या, मधुमेह असलेल्या बाईंना कशापासून धोका आहे, हे त्या यादीला माहीत नसते आणि माहीत असण्याचे तिला कारणही नाही.

याचा अर्थ सक्ती वाईट असा नाही. हजचे उदाहरण उलट सांगते. १९८७ च्या हजमध्ये मेनिंजायटिसची, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या जंतुसंसर्गाची साथ आली, ती ‘ए’ प्रकारच्या जिवाणूची. त्यानंतर सौदी अरेबियाने लस बंधनकारक केली. पण लस ‘ए’ आणि ‘सी’ प्रकारांवरची होती आणि २००० व २००१ साली ‘डब्ल्यू १३५’ या तिसऱ्याच प्रकाराने डोके वर काढले. हाजी घरी परतले आणि यात्रेला न गेलेल्या घरच्यांनाही तो रोग झाला. मग चार प्रकारांवर चालणारी लस सक्तीची झाली आणि तेव्हापासून हजमध्ये त्या तोडीची साथ पुन्हा आलेली नाही. पोचण्याच्या किमान दहा दिवस आधी ती घ्यावी लागते. तिच्या दोन प्रकारांपैकी साध्या पॉलिसॅकराइड लशीचा दाखला तीन वर्षे आणि कॉन्ज्युगेट लशीचा पाच वर्षे धरला जातो. मात्र वयाचा प्रश्न इथेही डोकावतोच. मेनॅक्ट्रा ही जगभर वापरली गेलेली कॉन्ज्युगेट लस घ्या. अमेरिकेत तिचा परवाना ५५ वर्षांपर्यंतचाच होता, कारण त्यापुढच्या वयासाठी लागणारा पुरावा तिच्यापाशी नव्हता. लस बंधनकारक आहे म्हणून ती म्हाताऱ्या शरीराचा विचार करूनच तयार झाली असेल, असे धरून चालता येत नाही. शिवाय हजच्या काळात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांच्या आजारांत वर्षानुवर्षे आघाडीवर राहिला आहे तो न्यूमोनिया. दाखला मेनिंजायटिसचा मागितला जातो, माणूस खाटेवर पडतो फुप्फुसाच्या आजाराने.

पिवळ्या तापाच्या बाबतीत ही तफावत टोकाला जाते. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत असलेला हा रोग भारतात नाही, पण तो पसरवणारा एडिस डास आपल्या प्रत्येक रांजणात आणि टायरात आहे. म्हणून भारताचा नियम जगातल्या कडक नियमांपैकी एक आहे. केनिया, युगांडा, नायजेरियासारख्या देशांतून येणाऱ्याकडे दाखला नसेल, तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि जुलै २०१६ पासून तो जन्मभर चालतो. एकच सुई, लसीकरण दाखल्याच्या पिवळ्या पुस्तिकेत एक नोंद, एक शिक्का. तरुण माणसाचे काम तिथे संपते. पण ही जिवंत विषाणूची लस आहे. १९३० च्या दशकात मॅक्स थायलर यांनी ती तयार केली, त्यासाठी त्यांना १९५१ चे नोबेल मिळाले आणि कोट्यवधी लोकांना ती दिली गेली. तरी २००१ मध्ये प्रथम नीट लक्षात आले की क्वचित प्रसंगी लशीतलाच विषाणू शरीरभर पसरून यकृत आणि मूत्रपिंडे निकामी करतो आणि असे होण्याचा धोका साठीनंतर वाढतो. अमेरिकेतल्या नोंदींनुसार साठीतल्यांत लाख डोसांमागे साधारण एक आणि सत्तरीपुढे दोन-तीन, असे हे प्रमाण आहे. आकडा लहान आहे, पण ज्यांना हा त्रास होतो त्यांतले जवळपास निम्मे दगावतात. ब्रिटनमधले नामवंत कर्करोगतज्ज्ञ मार्टिन गोर जानेवारी २०१९ मध्ये ही लस घेतल्यानंतर वारले, तेव्हा ते ६७ वर्षांचे होते. त्यानंतर ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी साठीवरच्यांसाठीच्या सूचना अधिक कडक केल्या.

मग साठीनंतर आफ्रिकेला जायचेच नाही का? तसे नाही. हिशेब मांडावा लागतो आणि तो दाखल्याचा नसून मुक्कामाचा असतो. रोगाची साथ चालू असलेल्या भागात महिनाभर राहायचे असेल, तर खुद्द पिवळ्या तापाचा धोका लशीच्या धोक्याहून कितीतरी मोठा असतो. तिथे लस घेणेच शहाणपणाचे. पण मुलाच्या नैरोबीतल्या फ्लॅटवर आठवडाभर राहून परत यायचे असेल, तर पारडे दुसऱ्या बाजूला झुकू शकते. थायमस ग्रंथीचा आजार, मायस्थेनिया, कर्करोगाचे उपचार, स्टिरॉइडच्या मोठ्या मात्रा यांपैकी काही असेल तर लस बहुतेक बादच. अशा माणसाला डॉक्टर वैद्यकीय कारणासाठी सूट देणारी नोंद करून देऊ शकतात, पण परतल्यावर विलगीकरणाची तयारी ठेवावी लागते. ही लस मिळते फक्त सरकारने नेमून दिलेल्या केंद्रांत, त्यामुळे बीडच्या माणसाला मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणी जावे लागते. तिथल्या रांगेत उभे राहून निर्णय घेण्यापेक्षा, आपल्या औषधांची चिठ्ठी आणि आजारांचा इतिहास जाणणाऱ्या गावच्या फिजिशियनकडे तो आधी घेतलेला बरा.

आता ज्या लशी कुठलाही देश पर्यटकाकडे मागत नाही त्यांच्याकडे वळू. अमेरिकेचे उदाहरण बोलके आहे. पर्यटक व्हिसावर मुलाकडे जाणाऱ्या आईवडिलांना एकाही लशीचा दाखला द्यावा लागत नाही. तेच आईवडील ग्रीन कार्डासाठी अर्ज करतात, तेव्हा मात्र वयानुसार ठरलेल्या लशी घ्याव्या लागतात आणि पासष्टीपुढच्यांसाठी त्यांत न्यूमोकॉकसची लस आणि हंगाम असेल तर फ्लूची लस येते. माणूस तोच, घर तेच, न्यू जर्सीची थंडीही तीच. बदलला तो फक्त कागद. पहिल्या खेपेला या लशींची गरज नव्हती असे कोणता डॉक्टर म्हणेल?

फ्लूला आपण ‘सर्दी-पडसे’ म्हणून मोडीत काढतो. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या नोंदींचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास हा समज उडवून लावतो: तपासणीत फ्लू पक्का झालेल्या रुग्णांना पहिल्या आठवड्यात हृदयविकाराचा झटका येण्याचे प्रमाण एरवीच्या सहापट होते. बीपी, शुगर आणि हृदयाच्या गोळ्या पिशवीत घालून निघालेल्या प्रवाशासाठी फ्लूची खरी बातमी ही आहे. विमानतळ, बसगाड्या, तंबूंची वस्ती, दर्शनाची रांग अशी प्रवासातली गर्दीची ठिकाणे या विषाणूला फार मानवतात. फ्लूची टोचून दिली जाणारी लस मृत विषाणूपासून किंवा त्याच्या घटकांपासून बनते, त्यामुळे पिवळ्या तापाच्या लशीतला धोका इथे नाही. मात्र तिची वेळ साधावी लागते. लशीतले विषाणू दर वर्षी बदलतात, आणि उत्तर व दक्षिण गोलार्धासाठी जागतिक आरोग्य संघटना स्वतंत्र शिफारस करते. महाराष्ट्रात फ्लू पावसाळ्यात आणि पुन्हा हिवाळ्याच्या शेवटी डोके वर काढतो. अमेरिका-युरोपात त्याचा जोर हिवाळ्यात. आषाढी वारीला जाणाऱ्याने मे महिन्यात आणि डिसेंबरात शिकागोला निघालेल्याने ऑक्टोबर-नोव्हेंबरात लस घेणे सोयीचे. गुण यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवशी घेतलेली सुई विमानात तरी कामाला येत नाही.

न्यूमोकॉकस हा न्यूमोनियाचा एक मोठा जिवाणू. त्यावरची लस म्हाताऱ्या माणसात कितपत चालते हे पाहण्यासाठी नेदरलँड्समध्ये पासष्टीपुढच्या सुमारे ८४ हजार लोकांवर चाचणी झाली. २०१५ मध्ये निष्कर्ष आले. लशीत समाविष्ट प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी आणि रक्तात पसरणारा गंभीर आजार ७५ टक्क्यांनी कमी झाला. शंभर टक्के नव्हे, पण ज्या वयात एक न्यूमोनिया माणसाला कायमचे परावलंबी करू शकतो, त्या वयात हा फरक मोठा आहे. भारतात २०२१ पासून न्यूमोकॉकसवरची लस तान्ह्या बाळांना देशभर सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते. आजोबांना मात्र ती खाजगीत काही हजार रुपये मोजून घ्यावी लागते, आणि बहुतेक आजोबांना अशी लस आहे हेच कोणी सांगितलेले नसते.

धनुर्वाताची कथा आणखी वेगळी. पाश्चात्त्य मार्गदर्शिका प्रवाशाला सांगतात की दहा वर्षांत बूस्टर घेतला नसेल तर घ्या. त्यात लहानपणीचे सगळे डोस झालेले आहेत हे गृहीत असते. पण आपल्याकडे लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला १९७८ ला आणि खेड्यापाड्यांत तो खऱ्या अर्थाने पोचला १९८५ नंतर. १९५५ च्या सुमारास शिरूर कासार किंवा धारूरच्या वस्तीवर जन्मलेल्या माणसाच्या दंडावर देवीच्या लशीचा खोलगट वण असेल, पण लहानपणचा त्रिगुणी लशीचा डोस नसेल. बऱ्याच बायकांना निदान गरोदरपणात धनुर्वाताची सुई मिळाली. शेतात जन्म घालवलेल्या पुष्कळ पुरुषांना ती मिळाली ती फक्त खिळा-विळा लागल्यावर, एखाद-दुसऱ्या वेळी. अशा माणसाला एक बूस्टर पुरत नाही, पूर्ण मालिका लागते. याच मार्गदर्शिका उलट दिशेनेही चुकतात. हिपॅटायटिस ‘ए’ ची लस त्या आवर्जून सुचवतात, पण विहिरी-ओढ्याच्या पाण्यावर वाढलेल्या त्या पिढीतल्या बहुतेकांना तो संसर्ग बालपणीच होऊन गेलेला असतो आणि त्याची प्रतिकारशक्ती जन्मभर टिकते. परदेशी यादी जशीच्या तशी उतरवली, तर हवी ती लस राहून जाते आणि नको तिच्यावर पैसे जातात.

यावर घराघरांत जे आक्षेप निघतात ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला म्हणजे, ‘आम्ही उन्हातान्हात राबलो, नदीचे पाणी प्यालो, आम्हाला काय होतंय?’ हिपॅटायटिस ‘ए’ पुरते हे म्हणणे खरेच आहे हे आपण आत्ताच पाहिले. पण फ्लूचा विषाणू दर वर्षी रूप पालटतो, तेव्हा जुनी झुंज नव्या शत्रूला उपयोगी पडत नाही, आणि वयाबरोबर प्रतिकारशक्तीच मंदावत जाते. दुसरा आक्षेप बरोबर याच्याच उलट बाजूने येतो: प्रतिकारशक्ती मंदावली असेल तर लशीचा तरी काय उपयोग? उपयोग कमी होतो, शून्य होत नाही. आणि कमी होतो म्हणूनच अमेरिकेत पासष्टीपुढच्यांसाठी जास्त मात्रेची फ्लूची लस निघाली. तिच्या चाचणीत नेहमीच्या लशीच्या तुलनेत फ्लू सुमारे २४ टक्क्यांनी घटलेला दिसला. तिसरा आक्षेप, ‘या वयात सुईचा त्रास सोसणार नाही.’ इथे सगळ्या लशी एकाच मापाने मोजल्या जातात. पिवळ्या तापाच्या जिवंत लशीबाबत ही भीती पुराव्याला धरून आहे. फ्लू, न्यूमोकॉकस, धनुर्वात यांच्या सुईत जिवंत जंतूच नसतो; दंड दुखणे, एखादा दिवस कणकण, इतपतच त्रास बहुतेकांना होतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना तेवढे सांगावे. बारीक सुई वापरून नंतर जागा दाबून धरली की बहुतेक वेळा भागते.

खर्चाचा आक्षेप सर्वांत खरा आहे. म्हणून सगळ्याच लशी सगळ्यांनी घ्याव्यात असे म्हणणे चूक ठरेल. पैसे मोजकेच असतील तर क्रम लावता येतो: आधी फ्लू, कारण ती तुलनेने स्वस्त आणि लगेच कामाला येणारी, नंतर धनुर्वात, कारण ती सरकारी दवाखान्यातही मिळते, मग मधुमेह, दमा, हृदयविकार किंवा तंबाखू-विडीचा इतिहास असेल तर न्यूमोकॉकस. आणि लशीकडून तिच्या हद्दीबाहेरची अपेक्षाही नको. २०२४ च्या हजमध्ये तेराशेहून अधिक माणसे मरण पावली, ती मुख्यतः उष्म्याने. केदारनाथ ३,५८३ मीटर उंचीवर आहे. तिथल्या विरळ हवेवर कोणतीच सुई नाही. उन्हाला सावली, पाणी आणि विश्रांती हवी. उंचीला सावकाश चढाई आणि हृदयाची आधी केलेली तपासणी हवी. लशीने फुप्फुसाचा एक धोका कमी झाला की बाकीच्यांशी सामना करायला शरीरात थोडे अधिक बळ उरते, इतकेच तिचे काम.

म्हणजे सगळा प्रश्न वेळेवर येऊन ठेपतो. लशीचा विचार तिकीट हातात आल्यावर, शेवटच्या आठवड्यात होतो, आणि तेव्हा वेळ उरतो तो फक्त सक्तीच्या सुईपुरता. तोच विचार दीड-दोन महिने आधी झाला, तर धनुर्वाताच्या मालिकेचे पहिले दोन डोस बसतात, फ्लूच्या लशीला गुण यायला अवधी मिळतो आणि पिवळ्या तापाच्या लशीबाबत हो-नाही करायला उसंत राहते. यासाठी नवी यंत्रणा उभारायची गरज नाही, कारण ती अर्धी उभीच आहे. हजयात्रेकरूंसाठी सरकारी लसीकरण शिबिरे होतात. तिथे मेनिंजायटिसच्या सक्तीच्या लशीबरोबरच वयस्क आणि जोखमीच्या यात्रेकरूंना फ्लूची लसही दिली जाते. सक्ती आणि गरज यांची सांगड सरकारने एका ठिकाणी घातलेली आहे, ती ही. तीर्थदर्शन योजनेतही ज्येष्ठांकडून वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला मागितला जातोच. तो दाखला द्यायला सरकारी डॉक्टर बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा ग्रामीण रुग्णालयात त्या माणसाला समोर बसवतो, बीपी मोजतो, सही करतो. त्याच बैठकीत फ्लूची आणि धनुर्वाताची सुई देता येईल, न्यूमोकॉकसचा सल्ला देता येईल. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ कुंभमेळा आहे आणि मराठवाड्यातून तिकडे जाणाऱ्यांत म्हातारी माणसे मोठ्या संख्येने असतील. हाजींसाठी जे करता येते ते वारकरी आणि कुंभयात्रींसाठी का करता येऊ नये, हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला आणि आरोग्य खात्याला विचारायला हरकत नाही. ते होईपर्यंत, ज्याच्या घरातून म्हातारे माणूस दूरच्या प्रवासाला निघाले आहे, त्याने टूरवाल्याला कागद विचारावेत आणि लस मात्र डॉक्टरांना विचारावी.